पेणचे भाऊजी आणि साडेतेरा तास

सकाळी सहाला पनवेलहून आम्ही वीसेक सायकलस्वार निघालो. रोहा आणि कोलाडच्या पुढे जाऊन परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. शर्यत नाही, पहिला-दुसरा कोणी नाही. फक्त वेळेत पोचायचं आणि वाटेत ओळखीच्या माणसाची मदत घ्यायची नाही. रस्त्यावरचं दुकान, अनोळखी माणूस चालतो. याआधी दोनदा मी वेळ चुकवली होती. चोपन्नाव्या वर्षी तिसऱ्यांदा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पेणला माझी नणंद राहते. तिच्या गल्लीकडे न बघता पुढे गेले. नागोठण्यानंतर भिसे खिंडीने दम काढला. रोह्यात वेळेची नोंद ठेवायच्या कार्डावर शिक्का घेतला आणि खानावळीत भाकरी नि बिरडं (मोड आलेल्या वालांची भाजी) उभ्यानेच खाल्लं.

परतताना धाटावला दुसऱ्या पाळीची गर्दी होती. मोटारसायकलवरच्या एकाने विचारलं, “काकू, कुठल्या कंपनीत?”

“कंपनीत नाही, पनवेलला चाललेय.”

“सायकलवर? त्यापेक्षा आमची शिफ्ट बरी हाय,” म्हणत तो गेला.

चार वाजता गडबजवळ मागचा टायर बाजूने चिरला. नवी ट्यूब घातली, तीही चिरेतून बाहेर येऊन फुटली. सायकल ढकलत होते, तेवढ्यात नणंदेचा फोन. “कुठवर आलीस?” गडबजवळ टायर फाटल्याचं बोलून गेले आणि जीभ चावली.

पंक्चरच्या दुकानात साठीच्या एक मावशी होत्या. त्यांनी तांदळाच्या गोणीचा तुकडा कापून घड्या घातल्या, चिरेला आतून लावला आणि फुटकी ट्यूब ठिगळायला घेतली. तोवर स्कूटरवरून नणंदेचे यजमान हजर, खांद्याला नवा टायर.

“भाऊजी, तो चालणार नाही. तुमचा घेतला तर मी बाद.”

मावशींनी मान वर केली. “घरचा टायर चालत नाय नि माजी गोन चालते? कसला गो ह्यो नियम?”

भाऊजींनी टायर परत खांद्याला अडकवला. मी निघाले तेव्हा पाच वाजायला आले होते, पंचेचाळीसेक किलोमीटर बाकी होते. त्यांनीही स्कूटर सुरू केली.

“मागे येऊ नका, भाऊजी. सोबतची गाडीही मदत धरतात.”

ते पुढे निघून गेले. एवढ्या धावपळीने आलेल्या माणसाला असं परतवलं, याचं मला फार वाईट वाटलं.

पेणच्या चौकात स्कूटर उभी दिसली. भाऊजी शेजारीच, रस्त्याकडे पाठ करून. मी हाक मारली. वळले नाहीत. नियम पाळला पण माणूस दुखावला, या विचाराने डोळे भरून आले. थांबावंसं वाटलं, पण घड्याळ थांबू देईना.

मावशींची गोणी टिकली. पनवेलला सहा मिनिटं राखून शिक्का मिळाला. पाणीही न पिता मी फोन लावला.

“भाऊजी, रागावलात?”

“छे हो वहिनी. वेळेत पोचलात ना?”

“पोचले. पण तुम्ही वळला का नाहीत?”

“हात केला असता तर ती मदत धरतात की नाय, ते विचारायचं राहिलं होतं. म्हणून बघितलंच नाय.”

नुसता हात केला असता तर काही बिघडलं नसतं. पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.