आडवा काप

भावोजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चामराजपेटेतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी पुस्तक उघडून बसलो होतो. अक्काच्या शेजारचे गृहस्थ सायकल धरून दारातच उभे राहिले. "अक्कांनी बोलावलंय. स्वल्प लवकर चला," एवढंच म्हणाले. धक्का असा बसला नाही. त्यांच्या दम्यानं आम्हा सगळ्यांनाच आधीपासून थकवून ठेवलं होतं. आता काही आठवडे लोटले, तरी तो थकवा अंगातून गेलेला नाही...

भावोजी पुण्याचे. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास ते लाकडाच्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला म्हणून बेंगळुरूला आले. कंत्राटदारानं सागवान म्हणून दिलेलं लाकूड सागवानच आहे का, हे सांगणं त्यांचं काम. अक्काला बघायला आले, त्या दिवशी आमच्या अण्णांनी त्यांना आधी टेबल दाखवलं. अण्णांचं कापडाचं दुकान. कॅन्टोन्मेंटमधला एक इंग्रज साहेब त्यांचं जुनं गिऱ्हाईक. मायदेशी परत जाताना त्यानं ते टेबल अण्णांना भेट दिलं होतं. "अस्सल विलायती ओक," अण्णा म्हणाले. "साहेबानं स्वतः सांगितलंय." भावोजींनी खिशातून भिंग काढलं आणि नव्या धोतरानिशी ते टेबलाखाली शिरले. आतून अक्काचं हसणं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "टेबल मजबूत आहे."

पुढं वर्षानुवर्षं तेच वाक्य. पाहुणे आले की अण्णा टेबलावर थाप मारायचे, "जावईबापू, सांगा यांना." आणि भावोजी सांगायचे, "मजबूत आहे." अक्कानं एकदा खोदून विचारलं, तर म्हणाले, "काप घेतल्याशिवाय मी लाकडाचं नाव घेत नाही." टेबलाला सुरी लावायला अण्णा तयार होणं शक्यच नव्हतं.

रविवारी मात्र ते आपली पेटी घेऊन यायचे. पेटीत ओकचे बोटभर तुकडे. एकावरही चिठ्ठी नाही. चिठ्ठी वाचली की माणूस बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. रंगावर जाऊ नका, टोकाला आडवा काप घ्या, ओला करा आणि भिंगातून बघा, हे ते आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. विलायती ओकात दर वर्षीच्या वाढीच्या कड्याला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. हिमालयातल्या ओकात तशी रांग नसते. छिद्रं उभ्या ज्योतींसारखी वर चढत जातात. तांबडा आणि पांढरा ओक ओळखायचा तर तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकानं फुंकायचं. तांबड्यातून बुडबुडे येतात, पांढऱ्याच्या नळ्या बुजलेल्या असतात. अण्णा गाल फुगवून फुंकत बसायचे. "कापड बोटाला कळतं, याला फुप्फुसं लागतात," म्हणायचे. हळूहळू ते माझ्याहून बरे ओळखू लागले.

शेवटच्या आजारात अण्णांचा पलंग टेबलाजवळ आणला होता. एका दुपारी भावोजी आले, तेव्हा अण्णा म्हणाले, "सुरी आणलीय? घ्या काप." अक्का पटकन म्हणाली, "कशाला अण्णा आता? राहू दे ना." माझ्याही मनात तेच होतं. दाराआड नेऊन तिनं नवऱ्याला विनवलं, की काहीही निघालं तरी ओकच आहे म्हणा, त्यांना सुखानं जाऊ द्या. भावोजींनी टेबलाच्या खालच्या कडेला नखाएवढा काप घेतला, ओला केला, आणि स्वतः न बघताच तो भिंगासकट अण्णांच्या हातात दिला.

अण्णा खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. "रांग नाही," म्हणाले. मग, "ज्योतीही नाहीत... तोरणं दिसतात. दारावर बांधल्यासारखी. हे काय?"

"सिल्व्हर ओक," भावोजी म्हणाले. "नावाचाच ओक. इथला, रस्त्याकडेला लावतात तो."

"म्हणजे साहेबानं माझ्याच रस्त्यावरचं झाड मला दिलं," अण्णा हसले. मग खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "त्यालाही ठाऊक नसेल बिचाऱ्याला. तुम्हाला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"तुम्ही विचारलं नव्हतं."

"सरी, बरोबर आहे. मी सांगतच होतो, विचारलं कुठं?" अण्णांनी तो काप मुठीत धरला आणि डोळे मिटले. अक्काचा चेहरा तेव्हा कुठं सैल झाला.

त्यानंतर भावोजी जेवायला बसले की त्यांचा डावा हात टेबलाखाली जायचा आणि त्या खाचेवर अंगठा फिरत राहायचा. भावोजी गेल्यावर प्रयोगशाळेनं ती पेटी घेतली नाही. चिठ्ठ्या नसलेले तुकडे त्यांना काय कामाचे? परवा अक्काच ती घेऊन आली. आम्ही दोघं जेवलो. ताक वाढताना मी पाहिलं, तिचा डावा हात टेबलाखाली गेला होता, काही शोधत होता. "आणखी थोडा पुढं," मी म्हणालो.

तिनं हात सरकवला, आणि तो तिथं थांबला.