शिसं ओढणारी मोहरी आणि हिंगणघाटजवळची एक चूल

मी मुळात भित्री. त्यामुळे डिसेंबरात मी मुद्दाम विषारी शेत बघायला निघाले, तेव्हा नवऱ्याने "पिण्याचं पाणी इथूनच ने" म्हणून चिडवून घेतलंच. पण मावसबहीण सुनंदाचा फोन आला होता, "ताई, झाडं आमची माती साफ करून राह्यली. येजो पाहाले." असलं आमंत्रण रोज येत नाही.

पुण्याहून जाणार असाल तर नागपूरपर्यंत जाऊ नका, वर्ध्याला उतरा. तिथून एसटी तास-सव्वा तासात हिंगणघाटला सोडते. स्टँडवर तर्री-पोहे जरूर खा. स्वस्त आहेत आणि झणझणीत. सुनंदाच्या गावाला शेअर ऑटो जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही. रस्ताभर कापूस फुटलेला होता. मी मजेत होते.

सुनंदाच्या शेताला लागून पूर्वी जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड होती. ती कधीच बंद पडली, शिसं मात्र मातीत राहिलं. म्हणून एका कॉलेजच्या संशोधकांनी शेडलगतच्या तुकड्यात पावसाळ्यात सूर्यफूल लावलं, आता मोहरी. झाड मुळांवाटे शिसं ओढून घेतं, मग ते कापून दूर न्यायचं, पुन्हा लावायचं. असं कित्येक वर्षं. मोहरी इतकी पिवळीधमक की फोटोसाठी हात शिवशिवले. कुंपणावर पाटी होती: खाऊ नये, जनावरांना घालू नये.

"बकरीले बी अंदर जाऊ देत नाई आम्ही," सुनंदा अभिमानाने म्हणाली.

संध्याकाळी तिच्या सासूबाईंनी, गिरजाबाईंनी, अंगणातल्या चुलीवर वांगी भाजली. ती चूल त्यांचीच, सुनंदा आत गॅसवर रांधते. भाकरी, भरीत, ठेचा. मी दोनदा भरीत मागून घेतलं. सुनंदाची चार वर्षांची परी आजीला चिकटून शेकत बसली होती. हात शेकायला मीही सरकले आणि चुलीतली काटकी नीट पाहिली. या भागात चुलीत पऱ्हाटी जळते, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. ही जाड होती, आत पांढराशुभ्र, भेंडासारखा मऊ गाभा.

"मावशी, हे काय जाळताय?"

"सूर्यफुलाचं खोड. कालेजची गाडी आलीच नाई न्याले, बांधावर वाळून पडलं होतं. पऱ्हाटी सरली, नवी अजून वावरात उभी हाय. इंधन काऊन वाया घालाचं?"

सुनंदाच्या हातातलं ताट खाली पडलं. "माय, थ्यात शिसं हाय!"

"खाऊ नोको म्हनलं होतं. जाळू नोको कोनं म्हनलं?"

खरंच कोणी म्हटलं नव्हतं. मी चूल विझवायला पाणी आणलं, तर सुनंदा रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, परी रोज याच राखेनं दात घासते. आजीसंगं."

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. परीला जवळ ओढून तिचं तोंड धुणं, राखेचा डबा बंद करून दूर ठेवणं, संशोधकांना फोन. ते घाबरले हे त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं, त्याने मी आणखी घाबरले. सकाळी परीला घेऊन आम्ही रक्त तपासायला वर्ध्याला गेलो. सुई टोचली तेव्हा ती फार रडली नाही. मीच रडले.

परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. असं शेत बघायला जरूर जा, पण कापलेलं झाड पुढे कुठे जातं, ते आधी विचारा. मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात परीचा रिपोर्ट आला. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, राख-धूर बंद ठेवा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर वाट बघायची. परी कधी शब्द विसरली, कधी पोट दुखतं म्हणाली, की सुनंदा मला फोन करते आणि दोघी मिळून पुढच्या तपासणीचे दिवस मोजतो.

काल फोन गिरजाबाईंनी घेतला. "बाई, तू शिकलेली हायेस. मातीतलं वढते थे झाड पाह्यलं मी. मानसाच्या अंगातून वढनारं नाई काय कोनतं? असंन त सांग, मी लावतो."

 उत्तरासाठी त्या फोन धरून थांबल्या होत्या.