अंतराळातलं कृषी खातं

आमच्या नेर गावात किस्से साचतात ते भारनियमनामुळे, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी वीज जाते, समोरचा कॉम्प्युटर काळा पडतो आणि चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. अशा वेळी माणूस एकतर डुलक्या घेतो नाहीतर बोलतो. आमच्यात डुलक्या घेणारं कुणी नव्हतं. त्यामुळे आजही कुणी भेटलं की एक किस्सा सांगावा आणि त्याच्या मागून बाकीचे निघावेत, असं होतं.

बंगलोरला इंजिनिअरिंग करून मी परत आले. माझ्या वर्गातले बाकीचे तेव्हा विमानाच्या तिकिटांबद्दल बोलत होते. मी बसस्टँडसमोर, चपलांच्या दुकानाच्या वरची खोली घेतली, चार जुने कॉम्प्युटर मांडले आणि 'संगणक वर्ग' अशी पाटी लावली. कापसाची वाईट वर्षं होती ती. जो तो म्हणायचा, आता काही होत नाही. मला वाटायचं, का नाही होत? लोकांनी एकत्र बसून योजना आखायला शिकलं पाहिजे, एवढंच. आणि योजना शिकवायला माझ्याकडे एक गेम होता.

अंतराळातल्या साम्राज्याचा गेम. ग्रह वसवायचे, तिथे शेती करायची, जहाजं बांधायची, शेजारच्या साम्राज्यांशी तह करायचे. सगळे हुकूम देऊन झाले की एक बटन दाबायचं, की एक पाळी पुढे सरकते. पेरलेलं पीक निघायला चार पाळ्या लागतात. खरं तर तो एकट्याने खेळायचा गेम. मी तो लोकशाहीने खेळायचं ठरवलं. एक कॉम्प्युटर, चार माणसं, प्रत्येकाला एक खातं, आणि वाद झाला तर मतदान.

माझे बाबा एकदा वर येऊन बघून गेले. रात्री जेवताना म्हणाले, "चार वर्षं बंगलोरले शिकवलं, अन् तू येथी मोठाल्या माणसायले गेम खेळवून राह्यली?"

"बाबा, ते नियोजन आहे."

"हाव, मले बी तेच दिसलं. चौघंबी घरी लवकर न जायाचं नियोजन करून राह्यले."

*

ते चौघं म्हणजे मी, प्रल्हादभाऊ, कुळकर्णी आणि राठोडभाऊ. प्रल्हादभाऊ एसटीत कंडक्टर, म्हणून जहाजं त्यांच्याकडे. कुळकर्णी तहसीलमध्ये कारकून, घरात तीन पिढ्या सरकारी नोकरी, म्हणून परराष्ट्र खातं त्यांच्याकडे. राठोडभाऊ कृषी सहायक, त्यांच्याकडे शेती. विज्ञान माझ्याकडे.

पहिल्या दिवशी मी एक भाषण केलं. आपल्या बाराही ग्रहांवर एकाच वेळी पेरणी, एकाच वेळी कापणी, एकच योजना, एकच दिशा. बोलता बोलता मी स्वतःच भारावून गेले होते. शेवटी विचारलं, "काही शंका?"

प्रल्हादभाऊंनी हात वर केला.

"मॅडम, चहा कोणत्या खात्यात येते?"

मतदान झालं. चहा परराष्ट्र खात्यात गेला, कारण खालच्या हॉटेलवाल्याशी बोलणं फक्त कुळकर्णींनाच जमायचं.

*

त्या गेममध्ये शेजारी एक दांडगट साम्राज्य होतं. नकाशावर जांभळं, म्हणून ते 'जांभळे'. एकदा त्यांचा खलिता आला, तुमचे तीन ग्रह आमच्या हवाली करा, नाहीतर युद्ध. खाली तीन उत्तरं निवडायला होती. मान्य, अमान्य, आणि 'आम्ही विचार करू'.

प्रल्हादभाऊ म्हणाले, "अमान्य दाबा. पाहून घेऊ."

कुळकर्णींनी 'आम्ही विचार करू' दाबलं. पुढच्या पाळीला पुन्हा तोच खलिता. पुन्हा 'आम्ही विचार करू'. दोन महिने रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. शेवटी एक दिवस जांभळ्यांचा निरोप आला की त्यांनी दुसऱ्याच एका साम्राज्यावर हल्ला केला आहे.

"कंटाळले," कुळकर्णी चहा ओतत म्हणाले. "सगळे कंटाळतात. आपण कंटाळायचं नाही."

*

राठोडभाऊंचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

त्यांच्याकडे गावं होती, मोटरसायकल होती आणि सांगायला एकच गोष्ट होती, नुसती कपाशी नका लावू, मधात तूर घ्या. शेतकरी "हो साहेब" म्हणायचे आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कपाशी लावायचे. पुढे बोंडअळीने ती खाल्ली, भाव पडला आणि मुंबईहून, दिल्लीहून पाहणी करणारी पथकं येऊ लागली. राठोडभाऊ गाडीच्या पुढे मोटरसायकल घालून रस्ता दाखवायचे. पथकातले लोक विचारायचे, यांना पर्यायी पिकांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं का? सगळे राठोडभाऊंकडे बघायचे.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी म्हणाले, "हुकूम द्या भाऊ. काय पेरायचं?"

गेममध्ये तूर नव्हती. एक परदेशी डाळ होती, तिला आम्ही तूर म्हणायचो. ग्रहांनाही आम्ही आपल्याकडची नावं दिली होती, वडगाव, पिंपरी, माळेगाव. राठोडभाऊ जरा लाजतच बोलले, "माळेगावले अर्ध्यात तूर घ्या."

मी बटन दाबलं. माळेगाव अर्धं हिरवं झालं. ते खुर्ची पुढे ओढून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"ऐकलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"एका शब्दात ऐकलं. आख्ख्या ग्रहानं." आणि खिशातली फुटाण्यांची पुडी काढून त्यांनी सगळ्यांना वाटली.

त्या दिवसापासून त्यांनी एकही संध्याकाळ चुकवली नाही. पथक आलेलं असलं तरी.

*

मग या गेमचा दुसरा भाग निघाला. बंगलोरच्या मैत्रिणीने सीडी पाठवली. प्रल्हादभाऊंनी अगरबत्ती लावली, कुळकर्णींनी नारळ आणला. तो फोडायचा कुठे यावर मतदान झालं, कारण चपलांच्या दुकानदाराने पायरी द्यायला नकार दिला.

नवा गेम अवाढव्य होता. चाळीसेक पडदे, प्रत्येकावर तक्ते, तक्त्यांच्या आत तक्ते. आणि मोठा बदल असा की प्रत्येक ग्रहावर आता एक राज्यपाल होता. तो सगळं आपलं आपण करायचा. आम्ही फक्त बटन दाबायचं.

आम्ही बटन दाबलं. काहीतरी झालं. काय झालं ते कुणालाच कळलं नाही. पुन्हा दाबलं.

"हे तं असं झालं," प्रल्हादभाऊ म्हणाले, "डायवर घरी, कंडक्टर घरी, अन् गाडी आपोआप चालून राह्यली. मंग पॅसेंजरनं भांडाव कोणासंग?"

कुळकर्णी मात्र प्रेमात पडले होते. एकेक तक्ता उघडून ते हळुवारपणे वाचत होते. "याला म्हणतात कारभार," ते म्हणाले. "जुना गेम म्हणजे पानटपरी होती."

राठोडभाऊ शेतीचा पडदा शोधत होते. मी पुस्तिका चाळली. शेती काढून टाकली होती. लोकांना अन्न आपोआप मिळायचं. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ होती, पोषण: समाधानकारक.

"समाधानकारक?" राठोडभाऊ म्हणाले. "हा शब्द आमच्या रिपोर्टात बी असते. मीच लिहितो."

*

ते राज्यपाल भारी होते. आम्ही वडगावच्या राज्यपालाला शाळा बांधायला सांगितलं, त्याने छावणी बांधली. पुन्हा सांगितलं, आणखी एक छावणी. माझा संताप अनावर झाला. शिक्षणाचा प्रश्न होता. मी ठराव मांडला की याची बदली अगदी शेवटच्या बर्फाळ ग्रहावर करावी. एकमताने मंजूर.

पुढच्या पाळीला पाहिलं तर तो वडगावातच. त्याच्या नावापुढे फक्त 'प्रलंबित' असं आलं होतं.

"स्टे आणला त्यानं," प्रल्हादभाऊ म्हणाले.

"कोणाकडून आणणार? सम्राट आपणच आहोत," मी म्हणाले.

कुळकर्णी मान हलवत हसले. "मॅडम, तुम्ही अजून लहान आहात."

*

राठोडभाऊंना आता खातंच उरलं नव्हतं. मी म्हणाले, "भाऊ, तुम्ही संरक्षण घ्या." त्यांना बरं वाटावं म्हणून सगळ्यात मोठी युद्धनौका दाखवली. तोफा, कवच, इंजिनं, सगळं फिरवून फिरवून.

त्यांनी नीट पाहिलं. मग विचारलं, "याच्यात किती क्विंटल बसते?"

संरक्षण तीन दिवस चाललं. नंतर ते मागच्या खुर्चीवर बसू लागले, फुटाणे खात. एकदा फक्त म्हणाले, "मले मंग येथी काम काय?" ते यायचे थांबणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. आणि त्यांच्याशिवाय त्या खोलीत बसायला कुणाला गोडी वाटली असती असं मला वाटत नाही.

जुना गेम मात्र त्याच कॉम्प्युटरवर अजून होता. राठोडभाऊ आमच्या आधी यायचे आणि तो उघडून बसायचे. मी जिना चढताना पावलं वाजली की घाईने बंद करायचे, जशी काही बिडीच लपवत होते.

"काय करताय, भाऊ?"

"काही नाही. वाळलं-गिळलं तं नाही, पाहून घेतलं."

*

गेमच्या कंपनीने वेबसाइटवर खेळणाऱ्यांची मतं मागवली होती. मी म्हणाले, आपण मुकाट बसायचं नाही, नेरचं मत जगाला कळलं पाहिजे. प्रत्येकाने सांगायचं, मी इंग्रजीत लिहीन.

प्रल्हादभाऊंचं मत, "जहाजाचा हॉर्न चांगला. पण रूट आपल्याले ठरवू देत नाही." कुळकर्णींचं मत दोन पानं होतं, विषय आणि संदर्भासकट, आणि त्यात तक्त्यांची संख्या वाढवण्याची विनंती होती. राठोडभाऊ आधी नाहीच म्हणाले. मी खूप आग्रह केला तेव्हा बोलले, "लिहा. शेती काढली, ते समजलं. पण लोक खातात काय, तेवढं सांगा."

पंधरवड्याने उत्तर आलं. आपलं मत आम्हाला मोलाचं वाटतं, ते संबंधित विभागाकडे पाठवलं आहे.

कुळकर्णींनी ते दोनदा वाचून घेतलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"ही माणसं आपल्यातली आहेत," ते म्हणाले.

*

आता शेवटचा किस्सा.

सोमवारपासून सरकारी संगणक परीक्षेची नवी बॅच सुरू व्हायची होती. मुलांचे धडे मावायला त्या कॉम्प्युटरवर जागा हवी होती, आणि ती दोनपैकी एक गेम पुसल्याशिवाय होणार नव्हती. शनिवारी संध्याकाळी मी मतदान घेतलं. कुळकर्णी नव्याच्या बाजूने. प्रल्हादभाऊ हॉर्नसाठी नव्याच्या बाजूने. मीही नव्यालाच मत दिलं. तत्त्वाचा प्रश्न होता, साम्राज्य मागे नेणं मला मान्य नव्हतं.

राठोडभाऊंनी पुडीची घडी घालून खिशात ठेवली. "बहुमत आहे," ते म्हणाले. "पुसा."

मी जुना गेम शेवटचा उघडला, सगळ्यांनी एकदा बघावा म्हणून.

"फक्त माळेगावले तूर उभी आहे," राठोडभाऊ म्हणाले. "तसं काही नाही. पुसा तुमी."

प्रल्हादभाऊंनी माझा हात माऊसवरून बाजूला केला. "थांबा मॅडम. उभ्या पिकात?"

"प्रल्हादभाऊ, तो गेम आहे."

"गेम असो नाहीतर काही असो. उभं आहे नं?"

मी कुळकर्णींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. "उभ्या पिकात आम्ही अतिक्रमणसुद्धा काढत नाही," ते म्हणाले. "कापणी होऊ द्या."

ठीक आहे. एक पाळी पुढे गेलो. माळेगावची तूर निघाली. मी पुसायला गेले तर वडगावचं पीक कापणीला आलेलं. ते काढलं, तर पिंपरी फुलोऱ्यावर. पिंपरीसाठी थांबलो तोवर माळेगावला नवं पेरलेलं उगवून आलं होतं. मग वीज गेली.

रविवारी पुन्हा बसलो. पुन्हा तेच. एक ग्रह मोकळा झाला की दुसरा उभा. राठोडभाऊ दर पाळीला सांगत होते, "पुसा नं बाप्पा, कोण नाही म्हणते?" आणि कुणीही पुसत नव्हतं. दिवस कलला. सकाळी मुलं येणार होती.

शेवटी प्रल्हादभाऊ म्हणाले, "नव्यात काय उभं आहे?"

कुळकर्णींनी नवा गेम उघडला. चाळीसेक पडदे होते ते सगळे एकेक करून बघितले. सगळे राज्यपाल बघितले. पोषण: समाधानकारक. त्यांनी चष्मा काढला.

"पंचनामा झाला," ते म्हणाले. "उभं पीक नाही. पुसायला हरकत नाही." आणि बटन त्यांनीच दाबलं.

सोमवारी बॅच सुरू झाली. संध्याकाळी मुलं गेल्यावर मी जुना गेम उघडला आणि पहिल्यांदाच बाराही ग्रहांचा शेतीचा नकाशा एकत्र पाहिला. कुठे नुकतं पेरलेलं, कुठे हिरवं, कुठे फुलोरा, कुठे कापणीला आलेलं. माझ्या योजनेत बाराही ग्रह एकाच वेळी पेरले जायचे.

राठोडभाऊ येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले होते. पुढच्या खुर्चीवर.

"भाऊ," मी म्हणाले, "हे असं कधीपासून?"

त्यांनी फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

"मॅडम, वडगावचं वाळून राह्यलं," ते म्हणाले. "बटन दाबा."