अबू नूफच्या भिंतीवरची मतं

मुतलक गेला त्याला आज चाळीस दिवस झाले. आमचा थोरला भाऊ. जन्मभर मन्सफ रांधलं त्यानं. लग्नाचं, मयताचं, निवडणुकीच्या तंबूतलं. भल्यामोठ्या पातेल्यात ताकात मटण शिजायचं आणि हा पळी धरून उभा. एकुलती पोर नूफ, म्हणून सगळं गाव त्याला अबू नूफ, नूफचा बाप, म्हणायचं. नूफ गेली तरी तेच म्हणत राहिले. दुसरं काय म्हणणार.

नूफ बाळंतपणात गेली. गावचा दवाखाना सरकारनं बंद करून टाकलेला. शहरात न्यायचं तर सगळा डोंगर उतरायचा. घाटातच संपलं, पोर पण आणि पोटातलं पण.

तिसऱ्या दिवशी मयताच्या तंबूत खासदार मिकबल आला. आमच्याच कुळातला, आमच्याच मतांवर निवडून आलेला. सगळ्यांदेखत त्यानं स्वतःची दाढी मुठीत धरली आणि म्हणाला, "अबू नूफ, या दाढीची शपथ. दवाखाना उघडत नाही तोवर या सरकारला माझं मत नाही."

मुतलकनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. हे आम्ही विसरत नाही.

महिन्याभरात सरकार सभागृहापुढं विश्वास मागायला उभं राहिलं. मुतलक रांधायच्या खोलीत टीव्ही लावून बसला, भोवती निम्मं गाव. मिकबल वीस मिनिटं बोलला. टेबल बडवलं. नूफचं नाव घेतलं, घेताना रडला पण. लोक मुतलकची पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी एकेकाचं नाव पुकारून मत घेतलं. कोणी म्हणे विश्वास, कोणी म्हणे नाही. मिकबलचं नाव आलं. उठला, म्हणाला, "विश्वास." बसला, कोटाचं बटण सोडलं.

मुतलक पातेल्यात पळी फिरवत बघत होता, त्याचा हात थांबला. ते ताक हलवत राहावं लागतं, नाहीतर फाटतं. चाळीस वर्षांत त्याचं कधी फाटलं नव्हतं. त्या दिवशी फाटलं.

मग त्यानं कोळसा घेतला आणि चुलीमागच्या भिंतीवर लिहिलं. डावीकडं, बोलला. उजवीकडं, मत. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता यायचं.

तिथून सगळं भिंतीवर. भाकरी महागली, मिकबल विरोधात बोलला, मत बाजूनं. दवाखान्याचा ठराव आला, बाजूनं बोलला, मताच्या वेळी जागेवर नाही. तिसऱ्या वर्षी त्याला आरोग्याच्या समितीचा अध्यक्ष केला. गावानं जेवण घातलं आणि ते मुतलकनंच रांधलं. घरी येऊन तेही लिहिलं. दवाखान्याला कुलूप तसंच. पुढं तो उपसभापती झाला, तेही लिहिलं. चार वर्षांत एकोणीस ओळी. डावं-उजवं एकदाही जुळलं नाही.

आम्ही म्हणायचो, कोण वाचणार आहे हे? तो म्हणायचा, "मी वाचतो ना."

पुन्हा निवडणूक आली. कुळाचा माणूस कुळानं ठरवायचा, सात भावक्यांचे सात म्हातारे, प्रत्येकानं मोठ्यानं नाव घ्यायचं. तिघं मिकबलकडं, तिघं शाळामास्तर शिबलीकडं. सातवा मुतलक.

आदल्या दिवशी दुपारी मिकबल पंधरा माणसं घेऊन मुतलकच्या घरी मताचं मागणं घेऊन आला. रीत अशी की कॉफी पुढं ठेवायची, पाहुण्यानं पेल्याला हात लावायचा नाही. घरधन्यानं "प्या, दिलं" म्हटलं की मगच प्यायची. सोळा पेले पुढं मांडलेले.

मुतलक बोलायला लागला. मिकबलसारखा माणूस कुळात झाला नाही म्हणाला. समितीचा अध्यक्ष, उपसभापती, आमच्या नूफसाठी सगळ्या देशासमोर रडलेला माणूस. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिकबल फुलत गेला, फुलत गेला, आणि पेला उचलून प्याला. तो प्याला म्हणून बाकीचेही प्याले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. तीन, तीन. मुतलकचं नाव पुकारलं. तो उठला.

"शिबली."

 मग मिकबल उठला, तोंड पांढरं. "अबू नूफ, काल तुमच्या घरी कॉफी प्यालोय मी. शब्द दिलाय तुम्ही."

"'प्या' म्हणालो का मी, खासदारसाहेब? आठवा बरं. मी नुसतं बोललो. बोलणं वेगळं, मत वेगळं. तुम्हीच शिकवलंत."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. मिकबलला तेच लागलं. निवडणुकीला उभा राहिला स्वतःच्या जोरावर, कुळाशिवाय, आणि सपाटून पडला.

मुतलकला हे फुकट पडलं नाही. फसवून कॉफी पाजली म्हणून अर्ध्या कुळानं त्याच्या घरची कॉफी टाकली. लग्नाला पातेलं बोलवेनात. शेवटची दोन वर्षं तो घरापुरतंच शिजवायचा. पस्तावलास का, आम्ही विचारलं एकदा. ताक हलवत म्हणाला, "नूफला विचारून सांगतो."

मयताला मिकबल आला. मुतलकसारखा सच्चा माणूस नाही म्हणाला, अर्धा तास बोलला, रडला. त्याला कॉफी द्यायची नाही असं वहिनीनं सांगितलं, कोणी दिली नाही. मिकबल निघून गेल्यावर आम्ही कोळसा घेऊन मुतलकच्या अक्षराखाली विसावी ओळ लिहिली. डावीकडं, मुतलकच्या मयताला बोलला, रडला.

उजवीकडं काही लिहिलं नाही. सभागृहात आता त्याला मतच नाही.