बाबांनी तपासलेला अर्ज

बाबांची मिल बंद पडली त्या वर्षी मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या एका क्लासात इंग्रजी लिहायला शिकत होते. सरांनी वाक्यं जोडणारे चाळीस शब्द पाठ करायला दिले होते. मोरओव्हर, फर्दरमोअर, नेव्हरदलेस, कॉन्सिक्वेंटली. "इन्हीं से पता चलता है कि बंदा पढ़ा-लिखा है," असं सर म्हणायचे. मला ते पटलं, जरा जास्तच पटलं. आईने "नळ आला गं" अशी हाक मारली तरी मी मनात "देअरफोर बादली लावावी" असं म्हणून मगच उठायची.

बाबा मिलच्या फोल्डिंग खात्यात बावीस वर्षं कापड तपासत होते. तिरप्या टेबलावरून कापडाचं थान, म्हणजे अख्खा तागा, सरकत यायचं, मागून उजेड असायचा, आणि गाठ, डाग, तुटलेला धागा दिसला की बाबा लाल पेन्सिलने त्याला गोल करायचे. गोल जास्त झाले की माल सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम दर्जात. मिलला कुलूप लागल्यावर आठ महिने ते घरीच होते, पण नजर काही घरी बसेना. आल्यागेल्याच्या शर्टाची शिवण बघून मान हलवायचे. आईने एकदा सुनावलंच, "अहो, लोक चहाला येतात, चेकिंगला नाही."

मग पिथमपूरच्या बाजूला एक नवा कारखाना निघाल्याचं कळलं. माल परदेशी जाणार होता आणि कापड तपासणारी माणसं हवी होती. अर्ज इंग्रजीतून मागवला होता. बाबांचं वय पंचेचाळिशीच्या पुढे, आणि इंदुरातल्या बाकीच्या मिल्सही एकेक करून बंद होत चाललेल्या. ही जागा गेली तर बाबांच्या कामाची दुसरी जागा दिसत नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणूनच कोणी ते बोलत नव्हतं.

"तू लिही बेटा, क्लास लावलाय ना," बाबा म्हणाले.

मी दोन दिवस बसून एक पान भरलं. चाळीसपैकी अकरा शब्द वापरले. उरलेल्या एकोणतीस शब्दांवर अन्याय झाल्यासारखं वाटत होतं. बाबांना इंग्रजी अक्षरं लागायची, अर्थ नाही. त्यांनी पान हातात घेतलं, खिडकीशी नेलं आणि उजेडासमोर धरलं. मग कानावरची लाल पेन्सिल काढली. ती पेन्सिल मिलबरोबर बंद झालेली नव्हती.

"हे काय आहे? प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक लांबडा शब्द, मग कॉमा. इथे. परत इथे. हा तर दोनदा आलाय."

"ते जोडायचे शब्द आहेत बाबा. त्याने वाक्य वाक्याला जोडलं जातं."

"तुटलं होतं का?"

"काय?"

"वाक्य. अगं, धागा तुटला की गाठ मारतात. तू तर सरसकट मारत सुटलीस." बारा गोल झाले. "हा माल सेकंडमध्ये जाईल. तुझे आजोबा पलटणीतून सुटले, तेव्हाच्या कागदावर साहेबाने दोनच ओळी लिहिल्यात. एक गाठ नाही."

आई आतून म्हणाली, "आता हिची फी परत मागा."

मला रडू येत होतं, पण मी फुगून बसले. बाबा शेजारी येऊन बसले. "बरं, सांग मला, काय लिहिलंयस ते."

मी मराठीत सांगू लागले. "माझी मिल बंद झाली, म्हणून मी आपल्याकडे अर्ज करत आहे."

"हे नको."

"का? खरंच आहे ना?"

बाबांनी पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. "मिल बंद झाली म्हणून दया कर, असं होतं ते. मला काम येतं म्हणून मी मागतोय. तो 'म्हणून' इथून काढ आणि तिकडे लाव."

मी नवं पान घेतलं. चार ओळी झाल्या. बावीस वर्षं कापड तपासलं आहे. मिल आता बंद आहे. अर्ज करतो आहे, कारण कापडात काय चुकलंय ते मला दिसतं. शेवटी सही. चाळीसांच्या यादीत कारणासाठी चांगले भारदस्त शब्द होते. मी साधं बिकॉज लिहिलं. आमच्या क्लासात ते शेंबड्या पोरांचं समजलं जायचं.

पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. बाबा जाऊन संध्याकाळी परतले. दारात बूट काढता काढता त्यांनी सांगितलं की मॅनेजरने पुढ्यात एक थान टाकलं, बाबांनी त्यात सात दोष काढले, त्यातले तीन मॅनेजरलाही दिसले नव्हते. सोमवारपासून यायला सांगितलं होतं.

"आणि अर्ज? वाचला का त्यांनी?" मी विचारलं.

"वाचला ना. 'कारण' वाल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, ये लाइन किसकी है? मी म्हटलं, बिटिया की."

ओळीतलं कारण बाबांचंच होतं, हे मी तेव्हा सांगितलं नाही. नंतरही नाही. आज इतकी वर्षं झाली, घरात कुठलंही लग्नकार्य असो, माझ्या इंग्रजीने बाबांना नोकरी कशी लागली ते मी रंगवून सांगते, आणि लाल गोलांचं पान कपाटात खाली दडवून ठेवते. मागच्या महिन्यात नव्या व्याह्यांनाही सांगितलं. बाबा समोरच बसले होते. त्यांनी एक शब्द दुरुस्त केला नाही. ते व्याह्यांच्या शर्टाची शिवण बघत होते.