ॲक्सलवरचं दुसरं कडं

गाडी दिसायच्या आधीच तिचा आवाज ऐकू आला. जात्यात खडे पडल्यासारखी घरघर. चार जाड चाकांची, वरून उघडी, मोटरसायकलसारखं हॅण्डल असलेली तशी गाडी आमच्या सिंदेवाहीकडे एकच होती. कागदावर ती एटीव्ही. लोक तिला चारचाकी फटफटी म्हणायचे. एका संस्थेनं ती आपल्या नर्सबाईंना दिली होती, कारण जंगलातल्या काही टोल्यांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, पावसाळाभर ना जीप पोचायची ना दुचाकी. बाई मूळच्या वडशाच्या, पस्तिशीच्या. मागच्या कॅरिअरला लसींचा डबा बांधून एकट्या जायच्या.

"दादा, मागून लय आवाज येऊन राह्यला," गाडी बंद करत त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी टोल्यावर जाचं आहे मले. आज होईन न?"

"होईन न ताई. बसा."

मी चाक हलवून पाहिलं. मागच्या ॲक्सलची, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याची, दोन्ही बेअरिंगं गेली होती. पावसाळाभर गाडी नाल्यांमधून, धानाच्या बांध्यांमधून गेलेली. पाणी आत शिरून सगळं गंजलं होतं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. मी आयटीआय केलेला, चंद्रपूरच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढलेला माणूस. आपल्यापेक्षा जास्त कळणारा मिस्त्री या भागात नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं.

ॲक्सल ओढून काढला तर बेअरिंगं तुकड्यातुकड्यांनी निघाली. गोळ्या जमिनीवर सांडल्या. बेअरिंगला दोन कडी असतात, एक बाहेरचं, एक आतलं, आणि मध्ये गोळ्या फिरतात. गोळ्या गेल्या, पण बाहेरची दोन्ही कडी हाऊसिंगमध्ये, म्हणजे ज्या लोखंडी नळकांड्यातून ॲक्सल जातो त्यात, गंजून बसली होती. आतली दोन ॲक्सलवरच चिकटून राहिली. चारही जागची हलेनात.

आधी मी हाऊसिंगमधल्या कड्यांच्या मागे लागलो. रॉकेल सोडलं, छिन्नी लावली, ठोकलं. कड्याला छिन्नी टेकवायला जागाच नव्हती, आतून गुळगुळीत. तासाभरानं माझा बनियन ओला झाला होता आणि कडं होतं तिथंच होतं. बाई बाकावर बसून बघत होत्या. मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

माझ्या गॅरेजला लागून भाऊंचं वेल्डिंगचं दुकान. दोघांत एकच भिंत. भाऊंची साठी उलटलेली, शिक्षण चौथीपर्यंत. गावात लहानमोठे सगळे त्यांना नुसतं भाऊच म्हणायचे. मी गॅरेज टाकलं तेव्हा मला विजेचं कनेक्शन मिळालं नव्हतं. भाऊंनी दोन महिने आपल्या दुकानातून वायर दिली होती, मी न मागता. माझी ठोकाठोक ऐकून ते चहाचा ग्लास हातात घेऊनच आले.

"बाबू, ठोकू नको. हाऊसिंग तडकन. आण इकडं."

त्यांनी हाऊसिंग आपल्या टेबलावर उभं केलं, तोंडावर वेल्डिंगची काळी काच धरली आणि कड्याच्या आतल्या बाजूनं वेल्डिंगची एक रेघ गोल फिरवली. मग काच खाली ठेवून उरलेला चहा प्यायले. "थंडं होऊ दे. लोखंड गरम झालं का फुगते अन् थंडं झालं का आकसते. कडं आपलं आपणच सोडते." दुसऱ्या कड्यालाही तसंच केलं. थोड्या वेळानं हाऊसिंग उलटं करून त्यांनी हलकेच आपटलं. टण्ण करून कडं टेबलावर पडलं. मागोमाग दुसरं.

नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. "भाऊ, जादू केली तुमी!"

मीही हसलो. पण ते हसू मला जड गेलं. घाम मी गाळला आणि टाळी भाऊंना मिळाली, असं काहीतरी पोरकट माझ्या डोक्यात शिरलं. आज सांगताना कान गरम होतात, पण तसंच झालं होतं.

आता ॲक्सलवरची दोन कडी राहिली. माझ्याकडचा कडी ओढून काढायचा पुलर त्यांना धरत नव्हता, म्हणून ग्राइंडरच्या चक्क्यानं कापायचं ठरलं. भाऊ निघता निघता म्हणाले, "पुरं कापू नको बाबू. कागदाएवढं सोडजो. मंग छिन्नी ठेवून एकच ठोका देजो, कडं चटकन तडकते. ॲक्सलले चक्का लागू देऊ नको."

"मालूम आहे भाऊ," मी म्हणालो. मला खरंच माहीत होतं. वर्कशॉपमध्ये तसंच करायचो.

पहिलं कडं मी तसंच काढलं. पातळ होईपर्यंत कापलं, एक ठोका दिला, तडकलं, निघालं. बाईंनी त्या वेळी मोबाइलमधून मान वर केली नाही. दुसऱ्या कड्याला मी थांबलोच नाही. ठोक्याची गरजच पडू नये, एकाच दमात कापून दाखवावं, असं वाटलं. ग्राइंडर टेकवला आणि रेटला. मध्येच आवाज बदलला. कडक कड्याचा चरचर आवाज जाऊन खालून भरीव आवाज आला. तो आवाज मला ओळखता येत होता. तरी हात उचलेपर्यंत क्षणभर उशीर झाला.

कडं गळून पडलं. खाली ॲक्सलवर एक आडवी खाच होती. नखाएवढी लांब, नख अडकेल एवढी खोल.

मी मान वळवून पाहिलं. बाई फोनवर बोलत होत्या. भाऊंच्या दुकानातून ठिणग्यांचा उजेड येत होता. नवा ॲक्सल नागपूरहून मागवायचा तर पंधरा दिवस. आणि मागवायचा म्हणजे सांगायचं: माझ्या हातून तुमचा ॲक्सल खराब झाला. मी पॉलिश पेपर घेतला, खाच घासली, कडा गोल केल्या, वरून ग्रीस लावलं. नवं बेअरिंग बरोबर त्या जागेवर बसलं आणि खाच झाकली गेली.

"झालं न दादा?"

"एकदम ओके, ताई."

त्यांनी गाडीवर बसून दोन चकरा मारल्या. आवाज अजिबात नव्हता. जाताना हात हलवला.

पहिले आठ दिवस मला ती खाच डोळ्यांपुढे दिसायची. मग दिवाळी आली, धान कापणीला आलं, हार्वेस्टर आणि ट्रॅक्टरची रांग लागली, आणि मी विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा, काही झालं नाही म्हणजे होणारच नव्हतं, अशी समजूत करून घेतली.

दिवाळीनंतर एका दुपारी नर्सबाई टोल्यावरून एका बाईला घेऊन येत होत्या. ती आठ महिन्यांची गरोदर, पायांवर सूज, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिला मागे बसवून त्या सावकाश निघाल्या. नाल्याच्या चढावर ॲक्सल तुटला. उजवं चाक तुकड्यासकट बाहेर आलं, गाडी उजवीकडे कलंडली. गरोदर बाई वाळूत पडली, तिला लागलं नाही. नर्सबाईंनी पडताना हात टेकला, उजवं मनगट मोडलं. त्या स्थितीत त्यांनी टोल्यापर्यंत चालत जाऊन माणसं आणली. चौघांनी त्या बाईला खाटेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. ती वाचली, पुढे बाळही नीट झालं. हे सगळं मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे साहेब ती गाडी पिकअपमध्ये घालून माझ्याकडे घेऊन आले. मी तुटलेलं टोक पाहिलं. तुटलेल्या तोंडावर एका बाजूला चंद्रकोरीसारखा काळा, गंजलेला भाग होता. तिथून भेग रोज थोडी थोडी आत गेली होती. बाकीचा भाग नुकताच तुटलेला, चकचकीत. आणि त्या काळ्या कोरीच्या बरोबर काठावर माझी खाच.

"काऊन तुटला हा?" साहेबांनी विचारलं.

माझं तोंड आपोआप उघडलं. "वेल्डिंगची गर्मी बसली असन साहेब. भाऊनं वेल्डिंग केलं होतं न त्याच्यावर."

वेल्डिंग हाऊसिंगवर झालं होतं. ॲक्सल तेव्हा दहा फुटांवर माझ्या टेबलावर पडला होता. पण साहेबांना ते कुठून कळणार? ते तडक भाऊंच्या दुकानात गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "जमत नसन त हात नाई लावाव. माणूस मेला असता." भाऊ काच हातात धरून नुसते उभे राहिले. मी भिंतीच्या या बाजूला उभा राहून ऐकलं.

थोड्या वेळानं भाऊ आले. "ॲक्सल दाखव," एवढंच म्हणाले. मी दिला. ते तो बाहेर उन्हात घेऊन गेले, तुटलेलं तोंड फिरवून पाहिलं, खाचेवरून अंगठा फिरवला. मग ॲक्सल होता तिथं आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. संस्थेच्या खाटा, फाटकं, टाक्यांचे स्टँड असलं काम त्यांच्याकडे असायचं, ते बंद झालं. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "भाऊ, तुमच्या वेल्डिंगनं ॲक्सल तुटला म्हणतात?" तर ते म्हणायचे, "म्हणतात." मी तिथंच असायचो. मला ते आता बाबू म्हणत नव्हते. काही काम पडलं तर म्हणायचे, "मिस्त्री, पाना द्या." द्या. मला, त्यांच्या पोराच्या वयाच्या माणसाला.

अठरा दिवस मी हे पाहत राहिलो. मग एका रविवारी नर्सबाईंची विचारपूस करायला वडशाला गेलो. सांगायचं ठरवून गेलो नव्हतो. भेटून यावं, तेवढंच मन हलकं होईल, असा माझा हिशेब. त्यांनी डाव्या हातानं मला पाणी दिलं. उजवा हात प्लास्टरमध्ये. म्हणाल्या, "भाऊले काही बोलू नका हं दादा. म्हातारा माणूस आहे. झाली असन चूक."

तेव्हा मला राहवलं नाही. खाच, पॉलिश पेपर, ग्रीस, साहेबांना काय बोललो ते, सगळं सांगितलं.

"म्हणजे मी गाडी घेऊन निघाली, तवा तुमाले मालूम होतं?"

"हो ताई."

"ती बाई आठ महिन्याची होती."

मी माफी मागितली, पण तो शब्द त्या खोलीत फारच लहान वाटला. त्यांनी ती दिलीही नाही आणि नाकारलीही नाही. म्हणाल्या, "साहेबाले फोन लावा. माया समोर." मी लावला, सांगितलं. साहेब मला जे बोलले ते त्यांनी बोलायलाच हवं होतं. फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "आता भाऊच्या दुकानात जा. दुकानातच, लोक असतांनी. घरी जाऊन कानात सांगू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊंच्या दुकानात पाच-सहा माणसं बसली होती. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झालेला. भाऊ एका नाटक मंडळीच्या स्टेजचे पाइप जोडत होते. मी दारात उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. वेल्डिंगनं नाही, माझ्या ग्राइंडरनं ॲक्सल तुटला. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी भाऊंवर ढकललं.

भाऊंनी काच वर केली.

"झालं सांगून?"

"हो भाऊ."

"मंग बाजूले व्हा. ठिणगी उडन."

आणि काच खाली करून कामाला लागले.

संस्थेची गाडी पुढे माझ्याकडे आली नाही, ती चंद्रपूरला जाते. येऊ नये हेच बरोबर. भाऊंकडे संस्थेचं काम परत आलं, काही महिन्यांनी, आणि आधीपेक्षा कमी. आम्ही आता बोलतो. ग्राइंडरचा चक्का मागतात, चहा पाठवतात. मिस्त्रीच म्हणतात.

नर्सबाईंचं मनगट थोडं वाकडं जुळलं. त्या गाडीचा ॲक्सिलरेटर उजव्या अंगठ्यानं दाबून धरावा लागतो. मागच्या महिन्यात मी एका ट्रॅक्टरच्या कामाला जात होतो, तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला सागाच्या सावलीत थांबलेल्या दिसल्या. मला वाटलं गाडी बिघडली. मी मोटरसायकल थांबवली.

"काही नाई दादा," त्या म्हणाल्या. "हात दुखते थोडा. पाच मिनिटं थांबते, मंग जाते."

डाव्या हातानं त्या उजवा अंगठा चोळत होत्या. मी म्हणालो, बरं. मोटरसायकल चालू केली आणि निघालो. पुढच्या वळणापर्यंत आरशात त्या दिसल्या असत्या. मी आरशात पाहिलं नाही.