सव्वातीनचं ब्लोडाउन

"काका, तुम्ही फक्त लिहून द्या की ॲटेंडंटची चूक आहे. पुढचं मी बघतो," नीरज म्हणाला आणि त्याने बियरचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

डिलाईल रोडजवळच्या एका जुन्या मिल कंपाउंडमध्ये नीरजची छोटी ब्रुअरी आहे. पोरगा तिशीतला, बोलायला गोड. मी बॉयलरचा माणूस. संपापर्यंत मिलमध्ये, संपानंतर मिळेल तिथे, आणि आता रिटायर झाल्यावर कन्सल्टंट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. बॉयलर बघायला आलेल्या म्हाताऱ्याला बियर कसली पाजतोस बाबा? तरी एक घोट घेतला. उकडलेल्या मक्याचा वास आला, तसं मी म्हणालोही.

"हाच प्रॉब्लेम! काही बॅच फर्स्ट क्लास, काही अशा. मध्येच वाफ पडते. बॉयलरवरच्या कांबळेंचं वय झालंय, डुलकी लागत असेल. मला दुसरा माणूस ठेवायचाय."

बियरसाठी धान्याचा गोड रस तासभर खदखदून उकळावा लागतो. उकळी मंदावली की हा वास आतच राहतो. उकळायला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर.

इथला बॉयलर कपाटाएवढा. खोलीतली लादी पुसलेली, पितळ लखलखीत. कांबळे वरळीच्या बीडीडी चाळीतले, तेही माझ्यासारखे मिलमधलेच. डुलक्या काढणाऱ्याची बॉयलर रूम अशी नसते, हे मला दारातच कळलं.

बॉयलरचं लॉगबुक आणि नीरजची बॅचची वही मागितली. बिघडलेल्या सगळ्या बॅच उशिरा लागलेल्या, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास उकळीला आलेल्या. लॉगबुकात रोजच्या पानावर सुबक अक्षरात 'सव्वातीन, ब्लोडाउन'. मी ते वाचलं आणि पान उलटलं. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

त्या दिवशीही बॅच उशिराच लागली होती. मी स्टूल ओढून बसलो.

बरोबर सव्वातीनला कांबळे उठले आणि त्यांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला. ब्लोडाउन म्हणजे बॉयलरच्या तळाचा गाळ वाफेच्या जोरावर बाहेर फेकणं. मिलचा बॉयलर खोलीएवढा, तिथे व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा धरावा लागे. कांबळेंनी इथेही तेवढाच धरला. गेलेल्या पाण्याच्या जागी आत भसाभस गार पाणी आलं, प्रेशरचा काटा खाली बसला, आणि शेजारच्या खोलीतून नीरज ओरडला, "अरे, उकळी गेली!"

"कांबळे, आत्ताच का काढलंत?"

"साडेतीनला शिफ्ट बदलते ना साहेब. गाळ तसाच ठेवून गेलो तर सेकंड शिफ्टवाला आईबहीण काढतो."

"इथे सेकंड शिफ्ट कुठाय?"

कांबळेंनी व्हॉल्व्हवरचा हात काढला नाही. मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली आणि हा माणूस अजून दुसऱ्यासाठी बॉयलर साफ ठेवून जात होता. आणि मी? तीच नोंद वाचून मान डोलावणारा मी तरी कुठे शहाणा!

"आत रस उकळतोय हे ठाऊक नव्हतं का?"

"मला कोण सांगणार? मी कधी आत गेलोय? वाफ द्यायची, एवढंच सांगितलंय."

मी रिपोर्ट लिहिला: ब्लोडाउन सकाळी, बॅच लागायच्या आधी, तेही थोडकंच. नीरजने वाचला.

"काका, यात चूक कोणाची?"

"तुझी. तुझ्या कामाची वेळ त्याला माहीत नाही आणि त्याच्या कामाची तुला."

तो जरा फुरंगटला. पण पुढच्या तीन बॅच उशिरा लागूनही स्वच्छ निघाल्या, आणि कांबळे अजून तिथेच आहेत. माणूस बदलण्याआधी त्याला एकदा काय शिजतंय ते दाखवावं. त्या दोन खोल्यांमध्ये एकच दार होतं, आणि त्याला कुलूपही नव्हतं.